सुई उचलण्याआधी

पोरी, तुझ्या शेडमध्ये पहिला खोकला उठेल तेव्हा तू मला फोन लावशील, आणि मी तो उचलेपर्यंत तुझा गडी सिरिंज भरून तयार असेल. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. डुकराच्या खोकल्यात आधी कान लागतो, मग नाक, मग सुरी. सुईचा नंबर त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो, आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून औषधवाल्याच्या नावाने खडे फोडायचे.

पहाटे भरडा टाकायच्या आधी शेडमध्ये जा. गलका न करता कठड्याशी उभी राहा. एका कप्प्यातली डुकरं उठव, मिनिटभर सावरू दे, मग तीन मिनिटांत किती ठसके येतात ते मोज. वहीत तारीख, कप्पा, आकडा. रोज नाही जमलं तर आठवड्यातून दोनदा तरी. त्या आकड्याचा चढ-उतार तुला कोणत्याही कंपनीच्या माणसापेक्षा लवकर सांगेल की काहीतरी शिजतंय.

आता खोकल्याची जात. कोरडा ठसका, उठल्या-पळाल्यावर येणारा, आठवडेच्या आठवडे चालणारा. डुक्कर खातंय-पितंय पण अंगी लागत नाही, एकाच वयाच्या लॉटमध्ये लहान-मोठी दिसायला लागली, तर मायकोप्लाझ्मा हायोन्युमोनिएचा संशय घे. तोच खोकला ओला, खरखरता झाला आणि ताप आला, तर पाश्चुरेला मल्टोसिडा मागून आत शिरला असं समज. दूध तोडलेली महिना-दीड महिन्याची पिल्लं लंगडतायत, सांधे सुजलेत, केस उभे आहेत, तर ग्लेसरेला पॅरासुइस. माझ्या जुन्या पुस्तकात तुला तो हिमोफिलस पॅरासुइस या नावाने सापडेल, २०२० साली त्याचं बारसं पुन्हा झालं. नाकाड वाकडं, नाकातून रक्त, डोळ्याखाली काळपट ओघळ, तर बोर्डेटेला आणि विष बनवणारा पाश्चुरेला ही जोडी. सगळी शेडच एका दिवसात खोकायला लागली आणि आठवड्यात सावरली, तर तो बहुधा फ्लू. विषाणूला अँटिबायोटिकचं सोयरसुतक नसतं.

एकाच ठिकाणी मात्र थांबायचं नाही. काल संध्याकाळी धडधाकट असलेलं डुक्कर सकाळी नाकातोंडाशी रक्ताळ फेस येऊन मेलेलं सापडलं, शेजारची दोन पुढचे पाय रोवून कुत्र्यासारखी बसलीयत, तोंड उघडं, पोटाने श्वास, ताप १०६ फॅरनहाइटपर्यंत. हा ॲक्टिनोबॅसिलस प्ल्युरोन्युमोनिए. इथे हिशोब तासांचा असतो. डॉक्टरांना बोलाव, मेलेल्याचं फुप्फुस नमुन्याला ठेव आणि त्या कप्प्यातल्या आजाऱ्यांना ते सांगतील ते इंजेक्शन त्याच दिवशी जाऊ दे.

एवढं पाठ केलंस की पुढचं सांगतो, आणि ते ऐकून तू वैतागशील. वर जी नावं घेतली ती प्रत्यक्षात एकेकटी क्वचित भेटतात. मायकोप्लाझ्मा श्वासनळीच्या आतले बारीक केस झोडपून काढतो. ते केस रात्रंदिवस धूळ, जंतू, शेंबूड वर ढकलून बाहेर टाकत असतात. तेच गेले की खालच्या फुप्फुसापर्यंत वाट मोकळी. पीआरआरएस या डुकरांच्या श्वसन-प्रजनन रोगाचा विषाणू फुप्फुसातल्या राखणदार पेशीच मारतो. सर्कोव्हायरस-२ डुकराची सगळी प्रतिकारशक्ती पोखरतो. यांच्यातला एखादा आधी येऊन काम करून जातो आणि मग घशात, टॉन्सिलमध्ये महिनोन्‌महिने गपगुमान बसलेले जंतू खाली उतरतात. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की मायकोप्लाझ्मा आधीपासून असला तर पीआरआरएसचा न्यूमोनिया जास्त जोराचा होतो आणि जास्त दिवस टिकतो. दोन आजारांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पीआरआरएस आपल्या देशात २०१३ साली मिझोराममध्ये पहिल्यांदा सापडला. ईशान्येकडून किंवा कुठूनही बाहेरून माद्या आणायचा विचार असेल तर हे लक्षात असू दे.

म्हणून तू जेव्हा म्हणशील की मामा, औषध लागूच पडत नाही, तेव्हा मी लगेच रेझिस्टन्स म्हणणार नाही. आधी विचारीन, मुळात विषाणू तर नाही ना? मायकोप्लाझ्मावर कुणी पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन तर टोचलं नाही ना? त्या जंतूला पेशीभित्तिकाच नसते आणि पेनिसिलिनचा सगळा मारा भित्तिकेवर. म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. जुन्या प्ल्युरोन्युमोनियात फुप्फुसाचा तुकडा मरून भोवती जाड कवच धरतो, त्यात रक्तच जात नाही, मग औषध कुठून जाणार? डोस वजनावर दिला होता की अंदाजाने? आणि ही सगळी उत्तरं नीट असतील तर मग रेझिस्टन्स. तो खराच आहे, वाढतोय, आणि मिश्र संसर्गात त्याला आणखी फावतं. पाश्चुरेला, ॲक्टिनोबॅसिलस, ग्लेसरेला हे एकाच कुळातले. औषध निष्प्रभ करणारी जनुकं प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर बसून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. एकाच फुप्फुसात तिघं नांदत असतील आणि वरून अर्धवट डोस पडत असेल, तर ही देवाणघेवाण करणाऱ्यांचंच राज्य येतं.

अर्धवट डोस हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या वराहपालनात सगळ्यात मोठी चोरी तिथे होते, आणि ती पैशासाठी नसते, आळसापायी असते. "असंल पंचवीस किलोचं" म्हणायचं आणि टोचायचं. काटा नसेल तर टेप घे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले ६९.३, उत्तर किलोत. घेर ८० सेंटिमीटर, लांबी ८५ सेंटिमीटर असलेलं डुक्कर ३८ किलोच्या आसपास भरतं. लाँग ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लीनच्या बाटलीवर मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम लिहिलं असेल आणि डॉक्टरांनी किलोला २० मिलिग्रॅम सांगितलं असेल, तर दहा किलोला एक मिली, म्हणजे ३.८ मिली. तुझा गडी पंचवीसचा अंदाज धरून २.५ देतो. एक तृतीयांश औषध बाटलीतच राहिलं, आणि जंतू मेले नाहीत, शिकले. ताप उतरला की दुसऱ्या दिवशी सुई बंद करणं हाही त्यातलाच प्रकार. किती दिवस, ते डॉक्टरांनी ठरवायचं. तू मनाने कमी करायचं नाहीस आणि मनाने वाढवायचंही नाहीस. अठ्ठेचाळीस तासांत काहीच फरक नसेल तर त्यांना तसं कळव. त्याच बाटलीतून डोस दुप्पट करून मोकळी होऊ नकोस.

सुई कानामागे, मानेवर. मांडीत नाही, मांडीचं मटण विकायचं असतं आणि तिथे गाठ धरते. एका जागी पाच मिलीच्या वर घालायचं नाही. सुई कप्प्यागणिक तरी बदल. वाकलेली सुई सरळ करून वापरणारा गडी दिसला तर त्याला दुसरं काम दे.

आजारी डुक्कर खात नाही, हे लहान पोरालाही कळतं. तरी औषध भरड्यात घालायची हौस जात नाही. जे धट्टंकट्टं आहे ते दुसऱ्याच्या वाटणीचंही औषध खातं, आणि ज्याला गरज आहे ते कोपऱ्यात पडून असतं. पाणी मात्र आजारीही थोडंफार पितं, म्हणून लॉटला औषध द्यायचंच झालं तर पाण्यातून, टाकी घासून, दिवसाला किती पाणी संपतं ते मोजून. आणि पडलेल्याला सुईच.

दोन गोष्टी ऐकून ठेव, यात डुकरं मरतात आणि दोष रोगाला लागतो. पहिली: टियामुलिन हे मायकोप्लाझ्मावरचं चांगलं औषध आहे, पण कॉक्सीडिओसिससाठी कोंबड्यांच्या खाद्यात घालतात त्या मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनबरोबर ते पोटात गेलं की डुक्कर लुळं पडतं, मरतं. शेजारच्या पोल्ट्रीवाल्याचं उरलेलं ब्रॉयलर फीड स्वस्तात मिळालं म्हणून घालशील आणि वर टियामुलिन देशील, तर आगीतून फुफाट्यात. दुसरी: टिल्मिकोसिनचं गायीबैलांसाठीचं इंजेक्शन डुकराला कधीही टोचायचं नाही, ते प्राणघातक आहे. माणसाला चुकून टोचलं गेलं तर माणसालाही. ती बाटली शेडमध्ये ठेवूच नकोस.

एन्रोफ्लॉक्सासिन, सेफ्टिओफर यांना हात शेवटी. लोक ती आधी मागतात, कारण झटकन गुण येतो. पण ती ज्या वर्गांतली आहेत ते क्विनोलोन आणि तिसऱ्या पिढीतले सेफॅलोस्पोरिन हे दोन्ही वर्ग जागतिक आरोग्य संघटनेने माणसासाठी अत्यंत महत्त्वाच्या औषधांच्या यादीत सर्वात वर ठेवलेत. अँटिबायोग्राममध्ये, म्हणजे कोणतं औषध जंतूवर चालतं ते दाखवणाऱ्या तपासणीत, साधं औषध चालतंय असं दिसलं तर तेच घ्यायचं. आणि कोलिस्टिन कुणी "ग्रोथ टॉनिक" म्हणून आणून दिलं तर सरळ परत पाठव. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधल्या शास्त्रज्ञांनी कोलिस्टिनला दाद न देणारं एमसीआर-१ हे जनुक डुकरांत, बाजारातल्या मांसात आणि दवाखान्यातल्या रुग्णांतही सापडल्याचं छापलं, तेही प्लाझ्मिडवर, म्हणजे हातोहात फिरणारं. जुलै २०१९ मध्ये आपल्या सरकारने अन्न देणाऱ्या जनावरांसाठी आणि त्यांच्या खाद्यासाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. ती बंदी तुझ्या शेडलाही लागू आहे.

वाढीसाठी रोज चिमूटभर अँटिबायोटिक, याशिवाय डुक्कर वजन धरत नाही असं तुला दहा जण सांगतील. डेन्मार्कमध्ये माणसांपेक्षा डुकरं जास्त. तिथे १९९५ साली ॲव्होपार्सिनपासून सुरुवात करून १९९९ संपेपर्यंत वाढीसाठीची सगळी अँटिबायोटिक थांबवली. सुरुवातीला दूध तोडलेल्या पिल्लांत हगवण वाढली, उपचारासाठी औषधंही जास्त लागली, हे खरं; ते लपवायचं कारण नाही. पण डुकराचा धंदा बुडाला नाही, उत्पादन वाढतच गेलं. २०१० पासून तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त औषध वापरणाऱ्या फार्मला तिथे फुटबॉलसारखं यलो कार्ड मिळतं. सबंध युरोपीय संघाने वाढीसाठीचा वापर १ जानेवारी २००६ पासून बंद केला. मग चिमूटभराऐवजी त्यांनी काय केलं? हवा, कोरडी जमीन, उशिरा दूध तोडणं, लॉट न मिसळणं. यातलं काहीही आपल्याला न परवडणारं नाही.

आता नमुन्याचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण एवढं एक जमलं तर निम्मी औषधं वाचतात.

आधी एक सावधगिरी. मोठी डुकरंही मरायला लागली, ताप जबरदस्त, कान आणि पोट लाल-निळं पडलंय, तर मेलेलं डुक्कर उघडायचं नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आला, २०२२ मध्ये केरळच्या वायनाडपर्यंत पोचला. त्याच्या रक्ताचा थेंब पसरला की गाव साफ. त्या वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं आणि गेट बंद करायचं.

तसं लक्षण नसेल तर डॉक्टरांना घेऊन शव उघड. नुकतंच मेलेलं आणि औषध न मिळालेलं डुक्कर निवड. कोपऱ्यात महिनाभर कुढत पडलेलं नको, त्याच्या फुप्फुसात मूळ चोर सापडत नाही. फुप्फुस बाहेर काढून पाटावर ठेव आणि नीट बघ. पुढची खालची टोकं जांभळट-करडी, मांसासारखी घट्ट, तर मायकोप्लाझ्माचा माग. मागच्या बाजूचा वरचा भाग काळपट लाल, टणक, वर पिवळट जाळी बसलेली आणि फासळ्यांना चिकटलेली, तर ॲक्टिनोबॅसिलस. हृदयाभोवती, पोटात, सांध्यांत सगळीकडे तीच जाळी, तर ग्लेसरेला. संशयित भागाचा सुपारीएवढा तुकडा बादलीतल्या पाण्यात टाक. निरोगी फुप्फुसात हवा असते, ते तरंगतं. न्यूमोनियाचा तुकडा बुडतो. हे तुझ्या गड्यालाही करून दाखव, मग त्याला डोसाचं महत्त्व मला सांगावं लागणार नाही.

नमुना निरोगी आणि आजारी भागाच्या सीमेवरचा घे. फुप्फुसाची पिशवी वेगळी, आतड्याची वेगळी. बर्फाच्या पाकिटांबरोबर थर्माकोलच्या डब्यात, गोठवायचं नाही, आणि चोवीस तासांत प्रयोगशाळेत. फॉर्मेलिनमध्ये बुडवलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला चालतो, पण त्यातून जंतू वाढत नाहीत; दोन्ही हवं असेल तर दोन डबे. आपल्याकडे पुण्याला औंधची पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे, शिवाय परळ, शिरवळ, नागपूरची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अर्जावर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घे: डुकराचं फुप्फुस, ॲक्टिनोबॅसिलस आणि ग्लेसरेलाचा संशय. या दोघांना वाढायला एनएडी नावाचा घटक लागतो. साध्या रक्त-अगारावर ते एकटे उगवतच नाहीत. चॉकलेट अगार तरी हवं, नाहीतर शेजारी स्टॅफिलोकॉकसची रेघ. न सांगता पाठवलंस तर "जंतू आढळले नाहीत" असा कागद येईल आणि तू निर्धास्त होशील. मायकोप्लाझ्मासाठी पीसीआरच मागायची.

अँटिबायोग्राम हातात आला की त्यातल्या आकड्यांवर स्वतः निवड करू नकोस. एका औषधापुढे ०.५ आणि दुसऱ्यापुढे २ लिहिलंय म्हणून पहिलं चौपट भारी, असं नसतं. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी, आणि फुप्फुसात किती पोचतं तेही वेगळं. डॉक्टरांना बसवून विचार. आणि एकाच तपासणीवर वर्षभर विसंबू नकोस, लॉट बदलला की जंतूही बदलतात.

शेडबद्दल थोडक्यात, कारण हे तुला बँकेच्या प्रकल्प अहवालातही मिळेल, फक्त तिथे ते कुणी वाचत नाही. पावसाळ्यात चारी बाजूंनी ताडपत्री बांधली की मूत्राचा अमोनिया आतच कोंडतो. २५ पीपीएमच्या वर गेला की फुप्फुसाचं नुकसान सुरू, आणि माणसाच्या नाकाला त्याची सवय होऊन जाते. तू उभी असतेस पाच फुटांवर, डुक्कर श्वास घेतं फूटभरावर. कप्प्यात उकिडवी बस आणि मग वास घे. डोळे चुरचुरले तर औषधाच्या आधी पडदा वर कर. हिवाळ्यात देशावर दिवसा ऊन आणि रात्री गारठा, त्यात जमिनीलगत वाऱ्याचा झोत लागला की दुसऱ्या आठवड्यात खोकला ठरलेला. पडद्याची वरची फट उघडी, खालची बंद. एक लॉट पूर्ण गेला की कप्पा धुऊन, वाळवून, रिकामा ठेवून मगच दुसरा. मागे राहिलेलं मरतुकडं पिल्लू पुढच्या लॉटमध्ये "सावरेल" म्हणून ढकलणं म्हणजे जुने जंतू नव्या घरात पोचवणं. बाहेरून आणलेलं जनावर महिनाभर वेगळं, त्याच्यासाठी वेगळी बूट-बादली. हॉटेलचं खरकटं घालणार असशील तर उकळल्याशिवाय नाही.

लसी: क्लासिकल स्वाइन फीव्हरची (वर सांगितलेल्या आफ्रिकनची नव्हे, तो वेगळा) चुकवायची नाही. मायकोप्लाझ्मा आणि सर्कोव्हायरसच्या लसी मिळत असतील तर डॉक्टरांना विचारून घाल. बाटली महाग वाटते, पण मागून येणाऱ्या जंतूंसाठी लागणारी अँटिबायोटिक त्यात टळतात.

वहीत एक पान औषधांचं ठेव. कोणतं डुक्कर, कोणतं औषध, किती मिली, पहिली आणि शेवटची तारीख, आणि लेबलवर लिहिलेले विथड्रॉवलचे दिवस. त्या दिवसांच्या आत डुक्कर कत्तलीला जाता कामा नये, व्यापारी कितीही भाव वाढवो. कानाला रंगीत बिल्ला लाव, म्हणजे तू घरी नसताना गडी ते गाडीत चढवणार नाही.

आणि हे तुझ्या जिवासाठी. डुकराच्या टॉन्सिलमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सुइस असतो आणि तो माणसाला लागतो. २००५ साली चीनच्या सिचुआनमध्ये त्याने दोनशेहून जास्त माणसं आजारी पाडली, त्यातली पस्तीसहून जास्त दगावली; बहुतेक जण आजारी किंवा मेलेली डुकरं कापणारे, हाताळणारे होते. वाचलेल्यांतल्या काहींना कायमचा बहिरेपणाही येतो. हाताला साधा ओरखडा असला तरी हातमोज्याशिवाय शव उघडायचं नाही. डुकरं हाताळल्यावर तुला किंवा गड्याला ताप आला, मान आखडली, कानात दडा बसल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांग: माझ्याकडे डुकरं आहेत, आणि त्यांना अमुक औषधं दिलेली आहेत. ते औषधाचं पान बरोबर घेऊन जा.